जानवासाच्या गाडीचे भीमसेनराव

“वाजवणाऱ्याच्या पुढं चाक जाता नये.”

भीमसेनरावांचं हे वाक्य तंजावुरात राजवाड्याच्या आसपास सगळ्यांना पाठ होतं. घाईनं जेवणाऱ्याला ते हेच सांगत, सायकल दामटणाऱ्याला हेच सांगत, आणि दात काढायला गेले तेव्हा डॉक्टरालाही त्यांनी हेच सांगितलं होतं. ऐकणारे हसत. पण वाक्य हसण्याचं नव्हतं. त्यावर त्या माणसाचं पोट चालत होतं.

त्या मुलखात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला उघड्या मोटारीत बसवून मिरवतात. त्याला जानवासम् म्हणतात; तिथल्या आपल्या मराठी माणसांच्या तोंडी जानवास. गणपतीच्या देवळापासून निघायचं आणि रमतगमत मांडवाशी पोचायचं. पुढं सनईसारखं नादस्वर आणि ढोलासारखं तविल, दोन्ही अंगांना डोक्यावर ग्यासबत्त्या घेतलेली माणसं, मधोमध मोटार. मोटारीत हनुवटीपर्यंत हारांत बुडालेला नवरदेव आणि त्याच्याभोवती कोंबलेली दोन्हीकडची पोरं. नादस्वरवाला चालता चालता मध्येच उभा राहतो, डोळे मिटतो आणि राग आळवू लागतो. तेव्हा मोटार थांबली पाहिजे. तविलावर थाप पडली की निघाली पाहिजे. आणि अशी निघाली पाहिजे की नवरदेवाच्या गळ्यातली एक पाकळी खाली पडू नये.

ही विद्या भीमसेनरावांच्या उजव्या पायात होती. कान ऐके आणि पाय उचलला जाई. मध्ये डोक्याला काही विचारावं लागत नसे. नादस्वरवाले म्हणत, मागं भीमसेन असला की पाठीला डोळे फुटल्यासारखं वाटतं.

मोटार अडतीस सालची, अमेरिकेहून बोटीनं मद्रासला उतरलेली. ओरत्तनाडकडच्या एका मिराशीदारानं, म्हणजे बड्या जमीनदारानं, ती हौसेनं घेतली आणि भीमसेनरावांचे वडील तिच्यावर ड्रायव्हर राहिले. पुढं मिराशीदाराची मुलं मद्रासला गेली. म्हातारा एकटा उरला. मरायच्या आधी तो म्हणाला, “हिला विकू नका. तुमचीच म्हणून ठेवा.” तशी ती यांच्या घरी आली. रंग पिकल्या सुपारीचा, टप कापडाचा, दारांखालच्या पायफळ्या इतक्या रुंद की एकेकीवर तीन माणसं बसून विडा खात. वडील गेल्यावर चाक भीमसेनरावांच्या हाती आलं आणि मग दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं नाही. फक्त एकदा गेलं, आणि त्या एकदाचं त्यांना जन्मभर पुरलं.

ते एकदा म्हणजे त्यांचं स्वतःचं लग्न. मुलगी कुंभकोणच्या आपल्याच लोकांतली, नाव राजलक्ष्मी. जानवासाच्या संध्याकाळी नवरदेवानं मागं बसायचं, म्हणून चाकावर रघोजी नावाच्या बस ड्रायव्हराला बसवलं. रघोजी बसचा माणूस. त्यानं गिअर असा टाकला की तविलवाल्याच्या पोटऱ्यांना बंपर लागला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गाडी आतून करकरली आणि भीमसेनरावांना ते सहन झालं नाही. हारांसकट, कोटासकट ते मागच्या सीटवरून उतरले, “सरक रे,” म्हणाले, आणि मांडवापर्यंत आपली वरात आपणच हाकत घेऊन गेले. रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. भीमसेनरावांना त्या कौतुकाच्या वाटल्या.

मांडवाच्या दारात आरती घेऊन उभे असलेले लोक मागच्या सीटकडे बघत राहिले. मागं नुसती पोरं. नवरा पुढच्या दारातून उतरला. मुलीचा मामा म्हणाला, “जो आपल्या वरातीतसुद्धा गाडीकडेच बघतो, तो बायकोकडे कधी बघणार?” इथं हसून मान खाली घातली असती तर निभावलं असतं. भीमसेनराव म्हणाले, “गिअरबॉक्स तुटला असता तर तुम्ही दिला असता काय?” शब्दाला शब्द लागला. मुहूर्ताच्या आधीच कुंभकोणची माणसं मुलीला घेऊन परतली. राजलक्ष्मीचा चेहरा भीमसेनरावांनी नीट पाहिलेला नव्हता, आणि पुढं पाहायचं कारण उरलं नाही.

त्यानंतर त्यांनी इतक्या नवरदेवांना मिरवलं की त्यांच्यापैकी कित्येकांची मुलंही त्यांच्याच गाडीत बसली. मांडवाशी पोचलं की सगळे आत जात. भीमसेनराव बाहेर, बॉनेटवर हात ठेवून, इंजिन निवेपर्यंत उभे राहत. कुणीतरी केळीच्या पानावर त्यांचं जेवण बाहेरच आणून देई.

मग नव्वद साल उलटलं आणि तंजावूर बदलू लागलं. घराघरावर केबलच्या तारा आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर फोनचे बूथ आले. लग्नांना वेळ उरला नाही. नवरदेव काचा बंद केलेल्या थंडगार गाडीतून भुर्रकन मंगल कार्यालयात उतरू लागला. नादस्वरवाले दारातच थोडं वाजवून घेत. तै महिना म्हणजे तिकडची लग्नसराई. एका तै महिन्यात भीमसेनरावांना एकच बोलावणं आलं, आणि तेही मागं घेतलं गेलं. ते रोज गाडी पुसत, हँडल मारून इंजिन चालू करत, थोडा वेळ ऐकत आणि बंद करत. घरी दुसरा आवाज नव्हता.

त्याच वर्षी त्यांच्या गाडीखान्यात चार पोरं शिरली.

गल्लीतल्या भामाबाई शाळेत शिकवत. त्यांचा मुलगा श्रीकर आणि मुलगी लावण्या. श्रीकर विजेची गिटार वाजवी, लावण्या गाई. श्रीकरच्या कॉलेजातला शेषाद्री जाड तारांची दुसरी गिटार वाजवी. चौथा चिदंबर, ढोलांच्या संचावर बसणारा. त्याचा आजा त्या भागातला नावाजलेला तविलवाला, भीमसेनरावांच्या गाडीपुढं चालून चालून म्हातारा झालेला. केबलवर बघून बघून या चौघांनी रॉक संगीत उचललं होतं. भामाबाईंच्या शेजाऱ्यांनी त्यांना घरातून हुसकलं, तेव्हा श्रीकर येऊन उभा राहिला.

“मामा, गाडीखान्याची अर्धी जागा मिळेल काय?”

“काय करणार तिथं?”

“वाजवणार.”

भीमसेनरावांनी गाडी भिंतीला लावून जागा केली. पहिल्या दिवशी ते बाहेर खोक्यावर बसून होते. तासाभरानं लावण्या घाम पुसत बाहेर आली.

“कसं वाटलं मामा?”

“बरं आहे. उंदीर गेले.”

ती इतकी हसली की आत जाऊन तिनं ते सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून खोकं दाराच्या आत आलं. आठवड्याभरानं ते चिदंबरला सांगू लागले, “तुझा आजा डावा हात असा आपटत नसे, कण्णा. तो नुसता ठेवी.” पोरं त्यांना मामा म्हणत, त्यांच्यासाठी डब्यातलं आणत, भांडणं झाली की निवाडा त्यांच्याकडे नेत. संध्याकाळ झाली की भीमसेनराव शर्ट बदलू लागले. चौघांनी आपल्या संचाचं नाव ठेवलं ‘जानवासम्’. गाडीवरूनच ठेवलं.

पुढच्या तै महिन्यात त्यांना मुंबईच्या एका कॉलेजातल्या स्पर्धेचं बोलावणं आलं. वाटेत सेलम, बंगळूर, हुबळी, पुणे, जिथं कुणी वाजवू देईल तिथं वाजवत जायचं असं ठरलं. आणि जायचं रेल्वेनं नव्हे. या गाडीतून, टप उघडून. भामाबाई म्हणाल्या, “मामा चाकावर असतील तर जा. नाहीतर लावण्या जाणार नाही.”

भीमसेनराव ते ऐकत उंबऱ्याशी उभे होते. एवढी वर्षं त्यांनी माणसं दारापर्यंत पोचवली होती. बरोबर चला, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. या चौघांबरोबर शेवटपर्यंत जायचं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी नवी चप्पल घेतली.

तिरुच्चीपर्यंत सगळं छान झालं. ढोल मागं कॅरियरला बांधलेले, डोक्यावर ऊन, रस्त्यात माणसं थांबून बघत होती. कुळित्तलै मागं पडली. एका अंगाला कावेरी, दुसऱ्या अंगाला केळीच्या बागा. श्रीकरनं साधी गिटार मांडीवर घेतली आणि एक संथ सूर धरला. लावण्या डोळे मिटून गुणगुणू लागली. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

“काय झालं मामा? पाणी तापलं?”

“कोठे काय?” भीमसेनराव म्हणाले. त्यांनाच कळलं नव्हतं. गाडी पुन्हा निघाली.

थोड्या वेळानं चिदंबरनं सीटवर बोटांनी ठेका धरला, गाडी झोकात पळाली. ठेका सुटला, सूर लांबला, गाडी पुन्हा उभी. या वेळी मागून उसाचा ट्रक येत होता. त्याचा हॉर्न, ब्रेकचं किंचाळणं, ढोलांना चाटून गेलेला लोखंडी कोपरा. सगळं एका श्वासात झालं. ट्रकवाला पुढं जाऊन थांबला आणि खिडकीतून ओरडला, “वरात काढलीस काय रे म्हाताऱ्या?”

चिदंबर भीमसेनरावांच्या उजव्या पायाकडे बघत होता.

त्यानंतर गाडीतलं वाजणं बंद झालं. गिटार पिशवीत गेली. लावण्या गुणगुणायला लागली की शेषाद्री तिला कोपरानं ढोसे आणि ती गप्प होई. करूर गेलं, नामक्कल गेलं. भीमसेनरावांनी दोन-तीनदा विषय काढला. अमुक देवळाचा रथ, तमुक मिराशीदाराचं लग्न. “हो मामा,” “खरं मामा,” एवढंच येई. ते आरशात बघत. चार डोकी वाऱ्यात नुसती हलत होती. आपण बोलताना काही चुकलो काय, जेवताना काही चुकलो काय, असं ते मनात उलटून पालटून बघत राहिले. माणसं असूनही गाडी अशी मुकी त्यांनी पूर्वी कधी चालवली नव्हती. रिकामी गाडीसुद्धा बरी, असं त्यांना वाटून गेलं.

सेलमला कार्यक्रम पडला. वाटेत तालीम करू म्हणून ठेवलेली दोन गाणी कच्ची निघाली, शेषाद्री एकीकडे गेला, श्रीकर दुसरीकडे. समोरची पोरं शिट्ट्या वाजवत उठून गेली. भीमसेनराव शेवटच्या रांगेत एकटे बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सेलमच्या बाहेर ट्रक थांबण्याच्या मैदानापाशी चहा घेताना त्यांनी लावण्याला बाजूला बोलावलं.

“माझ्यावर रागावलात काय तुम्ही सगळे?”

“अय्यो, नाही मामा.”

“मग गाडीत गप्प का? काल रस्त्यात एक शब्द नाही. तुम्ही वाजवलं असतंत तर कालचं असं झालं नसतं.”

चिदंबर जवळ येऊन उभा होता. तोच बोलला.

“मामा, आम्ही वाजवलं की तुम्ही थांबता.”

“मी?”

“सूर लांबला की थांबता. ठेका धरला की निघता. माझ्या आज्याच्या मागं गाडी चालवायचात तसं. तुम्हाला ठाऊक नसतं, पण पाय उचलला जातो.”

भीमसेनराव हसले. “काहीतरीच. रस्ता वेगळा, वरात वेगळी. एवढं कळतं मला.” मग ते हसायचे थांबले. “चला, बसा. वाजवा. मी बघतो माझ्या पायाकडे.”

मैदान मोठं होतं, ट्रक एका कडेला. त्यांनी गाडी गोल फिरवायला सुरुवात केली. श्रीकरनं तोच संथ सूर धरला. भीमसेनराव पाय दाबून बसले, दात दाबून बसले. गाडी हळू झाली आणि थांबली. त्यांनी आपल्या पायाकडे असं पाहिलं, जसं घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं.

“पुन्हा,” ते म्हणाले.

पुन्हा तेच झालं. मग त्यांनी चहावाल्या बाईकडून कापूस मागितला. समईच्या वातींचा होता, तोच तिनं दिला. दोन्ही कानांत घट्ट भरला आणि ओरडून म्हणाले, “आता वाजवा.” गाडी बरी चालली. एक फेरी, दुसरी फेरी. शेषाद्रीनं टाळी वाजवली. तेवढ्यात बाजूनं मैदानात वळणाऱ्या बसनं हॉर्न दिला, पुन्हा दिला, तिसऱ्यांदा दिला. भीमसेनरावांना ते ऐकूच आलं नाही. लावण्यानं मागून त्यांचा खांदा ओढला म्हणून गाडी वेळेवर थांबली.

कापूस काढून त्यांनी खिशात ठेवला.

“लावण्या, तुला येतं ना गं चालवायला?”

“अप्पांची फियाट चालवते. ही कशी येईल?”

“ये इकडे.”

त्यांनी जागा सोडली आणि शेजारी बसले. क्लच किती वर सुटतो, दुसरा गिअर कसा आधी विचारून मग टाकायचा, ब्रेक लागण्याच्या किती आधी दाबायचा, सगळं सांगितलं. पहिल्यांदा गिअर करकरला. भीमसेनरावांनी डोळे मिटून घेतले. पण हात मांडीवरच ठेवला. उन्हं वर येईपर्यंत गाडी त्या मैदानात फिरत राहिली. मग श्रीकरनं हळूच गिटार काढली, चिदंबरनं ठेका धरला, आणि गाडी सूर लांबला तरी चालत राहिली.

“झालं की मग,” श्रीकर म्हणाला. “मामा, तुम्ही असेच पुढं बसा. लावण्या चालवील.”

भीमसेनरावांचं मन क्षणभर हलकं झालं. मैदानातून बाहेर पडून ते हमरस्त्यानं थोडं पुढं गेलेसुद्धा. पण सूर लांबला की त्यांचा पाय समोरच्या फळीवर जाऊन दाबला जाई आणि तोंडातून “हं, हळू,” निघून जाई. लावण्या दचकून ब्रेक लावी. एकदा लावला, दोनदा लावला. तिसऱ्या वेळी मागून आलेला ट्रक शिव्या देत बाजूनं निघून गेला.

“वळव,” भीमसेनराव म्हणाले. “परत मैदानात घे.”

गाडी थांबल्यावर त्यांनी मागून आपली पिशवी काढली.

“हे काय मामा?” शेषाद्रीनं विचारलं.

“एका गाडीत दोन ब्रेक बरे नव्हेत.”

“आम्ही नाही वाजवणार वाटेत. खरंच. तुम्हीच चालवा.”

“आणि काल झालं तसं होऊ दे? न वाजवता मुंबईपर्यंत गेलात तर तिथं काय वाजवणार? मला घेऊन जाल, पण जाल कशासाठी?”

“अम्मा काय म्हणेल?” लावण्या म्हणाली. “तुम्ही आहात म्हणून तिनं सोडलं.”

“भामेला मी जाऊन सांगतो. ओरडली तर माझ्यावर ओरडेल. मला ओरडायलाही दुसरं कोण आहे?” ते हसून म्हणाले, पण कुणी हसलं नाही. “पुढं तोप्पूरचा घाट लागेल. उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच ठेव, मोकळी सोडू नको. धर्मपुरीला पाणी घाल; आधी निवू दे, झाकण फडक्यानं उघड. सकाळी हँडल श्रीकरनं मारायचं. अंगठा वर ठेवून, नाहीतर मनगट जाईल. टपाला उजवीकडे एक टाका सुटलाय.”

“तुम्ही एकटे कसे जाल?” चिदंबरनं विचारलं.

“बसनं. दुसऱ्याच्या गाडीत बसून बघतो एकदा.”

त्यांनी लावण्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग बॉनेटवर ठेवला. बॉनेट गरम होतं. या वेळी ते निवेपर्यंत थांबले नाहीत.

“उतरू नका कुणी,” म्हणाले. “इंजिन चालू आहे, तसंच राहू दे.”

ट्रकांच्या रांगेजवळून ते चालू लागले. पिशवी उजव्या खांद्यावर, नव्या चपला धुळीनं भरलेल्या. मैदानाच्या टोकाशी बस उभ्या होत्या. तिथं त्यांनी एका कंडक्टरला काहीतरी विचारलं. त्यानं लांब हात करून दुसरीकडे दाखवलं, तसे ते तिकडे वळले. मागच्या सीटवर चिदंबर उभा राहून बघत होता. श्रीकर आणि शेषाद्री पायफळीवर आले होते. लावण्या चाक धरून समोरच्या काचेतून बघत होती. चहावाली बाई पेले विसळता विसळता थांबली. भीमसेनराव दोन बसच्या मधून पलीकडे गेले. दुसऱ्या अंगानं ते बाहेर येतील म्हणून लावण्या कितीतरी वेळ तिकडेच बघत राहिली.